दसऱ्याआधीची वही

(मुरुड येथील हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



तुम्ही मला स्थलांतर आणि विकास या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषयाचं नाव मोठं आहे, पण मुरुडकरांना तो नवीन नाही. दसरा झाला की बार्शी रस्त्याने ट्रॅक्टर जायला लागतात. ट्रॉलीत खाली पत्र्याच्या पेट्या, भांडी, सरपण, पिठाचं पोतं, आणि त्या सामानावर माणसं. कडेवर लेकरू, पायाशी शेळी. आपण बाजूला होऊन रस्ता देतो आणि म्हणतो, “निघाले कारखान्याला.” आज मी त्या ट्रॉलीबद्दलच बोलणार आहे.

दरवर्षी आपले हितचिंतक मला प्रेमाने विचारतात, “ताई, यंदा नाताळात तांड्यावर किती ब्लँकेटं लागतील?” तुम्ही देता म्हणून आमचं काम चालतं, हे मी कधी विसरत नाही. पण मी तुम्हाला उलट एक प्रश्न विचारते. नाताळात तांड्यावर असतं कोण? मुखेड, कंधार, लोहा भागातल्या एखाद्या तांड्यावर डिसेंबरात जाऊन बघा. निम्म्याहून जास्त दारांना कुलपं दिसतील. ओट्यावर म्हातारा-म्हातारी, सोबत एखादं शाळेचं पोर आणि राखणीचं कुत्रं. ज्यांच्यासाठी आपण ब्लँकेट नेलं ती माणसं तेव्हा कऱ्हाडच्या, कोल्हापूरच्या, नाहीतर बेळगावच्या फडात पहाटेच्या थंडीत ऊस तोडत असतात. आपला नाताळ डिसेंबरात येतो. त्यांच्या वर्षाचं पंचांग मात्र वेगळं आहे. आषाढ-श्रावणात उचल, दसऱ्याला निघणं, पाडव्याच्या आगेमागे परत. सेवा या पंचांगाप्रमाणे चालली पाहिजे, एवढंच सांगायला मी आज उभी आहे.

कोण जातं, कुठे जातं

आपल्या संस्थेचं काम आदिवासी आणि भटक्या समाजांत आहे. नांदेड जिल्ह्यात किनवट आणि माहूर हे आदिवासी पट्ट्याचे तालुके. तिथे गोंड, आंध, प्रधान आहेत, कोलामांचे पोड आहेत. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन म्हणजे कातकरी आणि माडिया गोंड. किनवटकडची माणसं कापूस वेचायला, बांधकामाला सीमा ओलांडून तेलंगणात जातात. मुखेड-कंधारच्या आणि आपल्या लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूर-जळकोटच्या तांड्यांवरून बंजारा कुटुंबं उसाला जातात. पारधी कुटुंबांना तर एका जागी ठरून राहणंच अजून पुरतं मिळालेलं नाही.

यांत सर्वांत मोठा लोंढा ऊसतोडीचा. राज्यात ऊसतोड मजूर किती, हे विचारलं तर कुणी आठ लाख सांगतो, कुणी दहा लाख, कुणी पंधरा. हे सगळे अंदाजच. ज्या राज्याची साखर देशभर जाते, त्या राज्याला ऊस तोडणारी माणसं किती हे नेमकं माहीत नाही. टनांचा हिशेब किलोपर्यंत लागतो, माणसांचा लागत नाही. आणि जे मोजलं जात नाही त्यासाठी तरतूदही होत नाही.

देशाची जनगणना तरी मोजते का? २०११ ची गणना फेब्रुवारीत झाली. फेब्रुवारी म्हणजे फडातला भर हंगाम. त्या दिवसांत तांड्यावरच्या दाराला कुलूप असतं आणि फडावरच्या कोपीला दार नसतं. हंगामापुरता गेलेला माणूस अशा आकड्यांत नीट सापडत नाही. पुढची गणनाही फेब्रुवारी २०२७ मध्ये जाहीर झाली आहे. म्हणजे पुन्हा तोच महिना.

उचलीचं गणित

आता हिशेबाकडे येते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम पावसाळ्यात एका कोयत्याला उचल देतो. ती पन्नास हजारांपासून लाखाच्या वरही जाते. हा पैसा चैनीला जात नाही. कुणाच्या घरी मुलीचं लग्न असतं, कुणाच्या घरी दवाखाना, कुणाला जुनं देणं फेडायचं असतं, कुणाला पेरणी करायची असते.

तोडणीचा दर साखर संघ आणि कामगार संघटना यांच्या करारातून ठरतो. जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. वाढ मोठी होती, आणि ती लढून मिळाली होती. तरीही हिशेब करून बघा. एका कोयत्याने ८० हजार उचल घेतली, तर ती फिटायला सुमारे २१९ टन ऊस तोडावा लागतो. जोडीने दिवसाला दीड टन तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरल्या, तर १४६ दिवस लागतात. पाऊस कमी झाला, ऊस कमी निघाला आणि हंगाम १२० दिवसांत आटोपला, तर १८० टनच होतात. त्याचे झाले ६५,८८०. म्हणजे १४ हजारांहून जास्त बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. त्यात आजारपणाचे खाडे धरलेले नाहीत, आणि सहा महिने खायला जे लागलं तेही धरलेलं नाही.

घाम गाळूनही माणूस देणेकरी राहतो तो असा. पुढच्या वर्षी जायचं की नाही हे मग तो ठरवत नाही, बाकी ठरवते. म्हणून मी स्थलांतराला वाईट म्हणत नाही. कामासाठी गाव सोडणं पाप नाही. अब्राहामाने गाव सोडलं, नामीने सोडलं. आपल्यातल्या कितीतरी घरांची मुलं पुण्याला, मुंबईला, आखातात आहेत आणि त्यांच्या पैशावर इथे घरं उभी राहिली आहेत. फरक एवढाच की आपली मुलं तिकीट, पत्ता, करारपत्र आणि बँकेचं खातं घेऊन जातात. तांड्यावरचा माणूस अंगावर उचल घेऊन जातो आणि सोबत कसलाच कागद नेत नाही.

कायदा आहे, पण नोंद नाही

कुणी म्हणेल, सरकारने कायदे केले पाहिजेत. कायदे आहेत. १९७९ सालीच आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. ठेकेदाराने नोंदणी करावी, मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यावं, जाण्यायेण्याचा प्रवासखर्च द्यावा, विस्थापन भत्ता द्यावा, हे सगळं त्यात होतं. पण तो कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. मुखेडचा माणूस बेळगावला गेला तर त्याला लागू, कोल्हापूरला गेला तर नाही. ऊस तोच, कोयता तोच, थंडी तीच. आता तो कायदा २०२० च्या संहितेत सामावला गेला आहे. पण जुना काय आणि नवा काय, दोन्ही सुरू होतात नोंदीपासून. नाव कुठे लिहिलेलंच नसेल तर हक्क कुणाच्या नावाने मागायचा?

२०२० ची टाळेबंदी आठवा. त्या एप्रिलमध्ये सव्वा लाखाहून जास्त ऊसतोड मजूर कारखान्यांच्या आवारात अडकले होते. शासनाने तपासणी करून त्यांना गावी जायची परवानगी दिली, तेव्हा पहिलं काम निघालं याद्या करण्याचं. आणि ८ मेची पहाट तर आपल्या मराठवाड्याने पाहिली आहे. जालन्याहून चालत निघालेले मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले होते. त्यांच्यावरून मालगाडी गेली. सोळा जण गेले. ते मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया भागातले होते, त्यांत बरेचसे आदिवासी. त्याच वर्षी सप्टेंबरात संसदेत विचारणा झाली, की टाळेबंदीत स्थलांतरित मजूर किती दगावले. उत्तर आलं, अशी माहिती ठेवलेली नाही. मेल्यावरही मोजणी नाही.

त्यानंतर काही चांगलं घडलं, तेही सांगते. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की रेशनकार्ड देशात कुठेही चाललं पाहिजे. त्याच वर्षी २६ ऑगस्टला असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली. आपल्या राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचं महामंडळ उभं राहिलं. कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच शासनाने घालायचे, असं ठरलं. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येकात शंभर मुलं. आणि ग्रामसेवकाने गावातल्या ऊसतोड मजुरांची नोंद करून त्यांना ओळखपत्र द्यावं, असाही शासनाचा निर्णय झाला.

सारं जगही आज याच दिशेने बोलतं आहे. २०१५ साली राष्ट्रसंघाने विकासाची जी उद्दिष्टं ठरवली, त्यांत सुरक्षित आणि सुव्यवस्थित स्थलांतर हे एक आहे. डिसेंबर २०१८ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश शहरात देशांनी स्थलांतराबद्दल एक करार स्वीकारला. त्यात २३ उद्दिष्टं आहेत. तो करार देशाबाहेर जाणाऱ्यांसाठी आहे. पण त्याचं पहिलं उद्दिष्ट काय असेल? कर्ज नाही, भत्ता नाही. माहिती गोळा करणं. म्हणजे आधी मोजा. माराकेशला जे कळलं ते तांड्यालाही लागू आहे.

वाटेत काय काय सुटतं

नोंद नसली की माणसाचं एकेक गाठोडं वाटेत गळत जातं.

पहिली गळते शाळा. शिक्षण हक्क कायद्याने मुलाला दुसऱ्या शाळेत जायचा हक्क दिला आहे, आणि दाखला उशिरा आला म्हणून कुणी प्रवेश अडवू शकत नाही. शिक्षण हमी कार्डाचीही सोय आहे. पण मूल ट्रॉलीत बसताना ते कार्ड हातात असलं तर उपयोग. नाहीतर दहा वर्षांची मुलगी फडावर धाकट्या भावाला सांभाळते, वाढे गोळा करते आणि वर्षभरात वाचायचं विसरते.

दुसरं गळतं रेशन. कार्ड कुठेही चालतं खरं, पण आधारची जोडणी नसेल, अंगठा उमटत नसेल, तर परगावच्या दुकानदारासमोर हा माणूस कुणाचं नाव सांगणार? ही दुरुस्ती गावातच, निघायच्या आधी व्हायला हवी.

तिसरं गळतं आरोग्य. गरोदर बाई निघते तेव्हा तिचं माता-बाल संरक्षण कार्ड घरच्या फळीवर राहतं. बायांच्या बाबतीत तर फार कठीण गोष्टी समोर आल्या. बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तपासणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. फडावर आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलाव्या लागतात आणि खाडा परवडत नाही. अशा बाईला कुणी सांगितलं की पिशवी काढली की कटकट मिटेल, तर ती काय करणार?

चौथी गोष्ट आपल्या लोकांची खास आहे. जातीचा दाखला सीमा ओलांडत नाही. आपला बंजारा माणूस महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो. तेलंगणात तिथला बंजारा अनुसूचित जमातीत आहे. इकडचा माणूस तिकडे वर्षानुवर्षं राबला तरी त्याला तिथली सवलत लागत नाही, आणि इकडचे कागद जपले नाहीत तर इकडचीही जाते. मुलांना पुढे वसतिगृह आणि शिष्यवृत्ती हवी असेल तर गावातली पाळंमुळं कागदावर जिवंत ठेवावी लागतात.

वही

म्हणून आम्ही एका साध्या गोष्टीचा आग्रह धरतो. प्रत्येक तांड्यावर, पोडावर, दसऱ्याआधी एक वही. दोनशे पानी, दुकानात मिळते ती. रकाने ठरलेले. कोण कोण जाणार. मुकादम कोण, त्याचा फोन. कुठला कारखाना. उचल किती, कुणासमोर दिली. मागली बाकी किती. मुलं कुठल्या वर्गात, बरोबर जाणार की मागे राहणार. कुणी बाई गरोदर आहे का, कितवा महिना. रेशनकार्ड जोडलेलं आहे का. ओळखपत्र मिळालं का. अडीनडीला गावातल्या कुणाला फोन करायचा.

ही वही लिहायला मोठी शिकलेली माणसं लागत नाहीत. तांड्यावरची बारावी झालेली सून लिहू शकते. तिला चार-पाच महिन्यांचं मानधन द्यावं, आणि ग्रामसेवक, शाळेचे गुरुजी, आशाताई यांच्याकडे तिने ती यादी घेऊन जावं. बाकीची कामं करायला सरकारची माणसं आहेतच. त्यांना दाराशी नेणारं कुणीतरी हवं.

हे बोलायला सोपं आहे. करताना अडचणी येतात, त्याही तुम्हाला कळल्या पाहिजेत. पहिली भीती मजुराची. तो म्हणतो, “ताई, उचल लिहून ठेवली आणि मुकादमाला राग आला, तर पुढच्या वर्षी कोयता कोण घेईल?” त्याची भीती खरी आहे. म्हणून आम्ही मुकादमालाही बसवून घ्यायचं म्हणतो. मुकादमाचंही ऐकलं पाहिजे. तोही कारखान्याकडून, नाहीतर सावकाराकडून पैसे उचलतो. कधी टोळी पैसे घेऊन येतच नाही, मग त्याची जमीन जाते. तोंडी व्यवहारात दोघेही बुडतात. लिहिलेला व्यवहार दोघांच्याही फायद्याचा आहे, हे एकदा पटलं की वहीला विरोध कमी होतो.

दुसरी भीती वेगळी आहे, आणि ती मी या सभेत झाकून ठेवणार नाही. ख्रिस्ती संस्थेची माणसं तांड्यावर येऊन नावं लिहून घेतात, म्हटल्यावर काहींच्या मनात शंका येते. यादी कशाला? धर्म बदलायला का? या शंकेवर रागावून उपयोग नाही. उत्तर वागण्यातून दिलं पाहिजे. म्हणून नियम असा की वही संस्थेची नाही, गावाची. ती ग्रामपंचायतीत किंवा शाळेत राहते. आम्ही तिची प्रत काढत नाही, फोटो काढून पत्रिकेत छापत नाही, आणि वहीत धर्माचा रकाना नाही. तुम्हाला आपल्या अंकात हसऱ्या लाभार्थ्यांचे फोटो कमी दिसले, तर त्याचं कारण हे आहे. मदतीची किंमत म्हणून कुणाचं नाव आपण वापरायचं नाही.

मुरुडच्या शिवारात

इथवर जाणाऱ्यांबद्दल बोलले. आता येणाऱ्यांबद्दल. मुरुडच्या आसपास धोकी, रांजणी, विलासनगर अशी कारखान्यांची गावं आहेत. आपल्या शिवारातही उसाच्या टोळ्या येतात. कुणाच्या गावाहून कुणीतरी निघतं, ते आपल्या गावात पोचतं. आपल्या मंडळीत उसाचे शेतकरी आहेत. त्यांनी मनावर घेतलं तर सहा महिन्यांची सेवा घराशेजारी आहे.

शेतकऱ्याची बाजूही मला माहीत आहे. तोड वेळेवर येत नाही, उसाला तुरे येतात, वजन घटतं, आणि टोळीला वरकड पैसे दिल्याशिवाय कोयता लागत नाही. त्यामुळे मजुराबद्दल मनात कडवटपणा येतो. पण फडात उभा असलेला मजूर त्या व्यवस्थेचा मालक नाही. तो तिच्यात सर्वांत खाली आहे.

रूथचं पुस्तक आपण सगळ्यांनी वाचलं आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला ते निष्ठेचं पुस्तक म्हणून शिकवलं. तांड्यांवर काम करताना मला ते स्थलांतराचं पुस्तक म्हणून दिसतं. बेथलेहेमात दुष्काळ पडतो आणि एक कुटुंब मवाबात जातं. वर्षं जातात, घरातले पुरुष मरतात. एक सासू आणि तिची परदेशी सून जवाच्या हंगामाच्या तोंडावर परत येतात, आणि ती सून दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला लागते. आता शेताचा मालक बवाज काय करतो ते क्रमाने बघा. आधी तो कापणाऱ्यांवरच्या माणसाला, म्हणजे मुकादमाला, विचारतो की ही मुलगी कोणाची. म्हणजे आधी नोंद. मग आपल्या गड्यांना ताकीद देतो की तिला कुणी त्रास द्यायचा नाही. म्हणजे सुरक्षितता. मग तहान लागली तर गड्यांच्या भांड्यांतलं पाणी पी, असं सांगतो. आणि जेवणाच्या वेळी तिला आपल्या माणसांत बसवतो. बवाजाने काही दानधर्म केला नाही. नियमशास्त्रात शेताच्या कडा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडायला सांगितलं होतं, ते त्याने मनापासून पाळलं. मजुराची मजुरी दिवस मावळण्याआधी द्यावी, हेही त्याच शास्त्रात आहे, आणि अडवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत पोचते, हे याकोबाच्या पत्रात.

तर आपल्या फडावर टोळी उतरली की चार गोष्टी करता येतील. नावं विचारा. रात्री बाया-मुली सुरक्षित राहतील अशी जागा आणि उजेड द्या. विहिरीचं पाणी आणि एक आडोसा द्या. आणि सहा ते चौदा वयाची मुलं असतील तर गावातल्या शाळेच्या गुरुजींना जाऊन सांगा. एवढ्याला फार पैसा लागत नाही.

राहायचं ठरवता आलं पाहिजे

शेवटी एक प्रश्न राहतो. ही माणसं जाऊच नयेत असं करता येणार नाही का? मराठवाड्याला याचं उत्तर ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांनी लाखो माणसं गावाजवळ जगवली, आणि पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्राने त्याचा कायदा केला. नगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारने पाणी अडवलं आणि बाहेर गेलेली कुटुंबं गावी परतली. त्याच जिल्ह्यात येशू संघाचे फादर हर्मन बाखर यांनी पाणलोट विकासाला आयुष्य दिलं. त्यांचा भर वाटपावर नव्हता, गावकऱ्यांच्या श्रमावर आणि गावाच्या समितीवर होता.

आपल्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हाही जिल्ह्यात ऊस होता. पाणी उसाकडे आणि उसाकडे माणसं, ही रीत चालू राहिली तर किती वसतिगृहं बांधणार? माळरानावरच्या तांड्याला एका पिकापुरतं पाणी, शेळ्यांना चारा, आणि पावसाळ्यात सावकाराऐवजी बचत गटाकडून दहा हजार मिळाले, तर एखादं कुटुंब म्हणू शकतं की यंदा आम्ही जात नाही. तेवढं म्हणता आलं की मुकादमाशी बोलण्याचा सूरही बदलतो. शिवाय फडात आता ऊसतोडणीची यंत्रं वाढू लागली आहेत. उद्या यंत्राने कोयता हातातून काढून घेतला, तर हातात दुसरं काही असायला हवं. ती तयारी आजच करावी लागेल.

तुमच्याकडे मागणं

प्रिय हितचिंतकांनो, तुमच्याकडे माझं मागणं तीन गोष्टींचं आहे.

एक, आपली नाताळची वर्गणी श्रावणात द्या. मुकादम उचल घेऊन येतो त्याच महिन्यांत आपलीही मदत पोचू द्या. त्यातून वही लिहिणाऱ्या बायांचं मानधन निघेल, आणि कागद दुरुस्त करायला तालुक्याला जाण्यायेण्याचं भाडं. एका माणसाची दिवसाची मजुरी बुडते म्हणून आधार जोडायचं राहून जातं, हे मी रोज पाहते.

दोन, मागे राहणाऱ्या मुलांचा भार उचला. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृह चालवण्याची योजना आहे. मूल गावातच आजीजवळ झोपतं आणि जेवण तिथे मिळतं. पण पैसा उशिरा येतो आणि पहिले काही आठवडे चूल पेटत नाही. आईबाप त्याच आठवड्यांत निघतात. जेवण सुरू झालेलं दिसलं नाही तर ते मूल ट्रॉलीत घालतात. त्या पहिल्या महिन्याचं धान्य आपण दिलं, तर पूर्ण वर्ष वाचतं. म्हाताऱ्यांना ब्लँकेटं जरूर द्या. मागे राहणारेही तेच आहेत, आणि थंडी त्यांनाही वाजते.

तीन, मुरुड मंडळीने आपल्या शिवारातल्या टोळ्यांची एक वही करावी. तरुण संघाच्या दोन मुलांनी आणि महिला मंडळाच्या दोन बहिणींनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. डब्यात भाकरी नेली तर चांगलंच, पण वही न्यायला विसरू नका. लस राहिलेलं बाळ, शाळेत न गेलेली मुलगी, दिवस भरत आलेली बाई, एवढं जरी लिहून आशाताईपर्यंत आणि गुरुजींपर्यंत पोचवलं, तरी पुष्कळ झालं.

पाडव्याच्या सुमाराला टोळ्या परततात तेव्हा वही पुन्हा उघडायची. किती गेले, किती आले, कुणाची बाकी फिटली, कुणाची वाढली, कुणाचं मूल परीक्षेला बसलं. तो हिशेब आपल्या अंकात आकड्यांत छापू, नावांशिवाय. तुमच्या दानाचं काय झालं, हे तुम्हाला तिथे वाचायला मिळेल.

पेरणीला अजून अवकाश आहे आणि मुकादमांचे फोन सुरू व्हायचे आहेत. आपल्याला एवढाच वेळ आहे. प्रभू तुमच्या हातांच्या कामाला यश देवो, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला सुखरूप ठेवो.